चिंच-मिठाने घासलेला झोका

मोटर चालू करून झोपी जाणं ही माझी जुनी खोड. पिंप्राळ्यात आमच्याकडे नळाचं पाणी खालच्या हौदात पडतं, तिथून ते अर्ध्या एचपीच्या मोटरने वरच्या टाकीत चढवायचं, एवढंच काम असतं. बटण दाबायचं, वीस मिनिटं थांबायचं, बटण बंद करायचं. आयुष्यभर पाण्याच्याच एका कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला हे जमायला हरकत नव्हती. पण बटण दाबलं की मी खुर्चीत बसतो, खुर्चीत बसलं की पेपर हळूहळू तोंडावर येतो, आणि पुढचं मला नंतर शेजारी सांगतात.

हौद रिकामा होतो, मोटर कोरडी फिरते, तापते, जळते. अशी दोनदा जळाली. दुसऱ्या वेळी मोटरीत नवी तार भरणारा कोपऱ्यावरचा रिवाइंडिंगवाला म्हणाला, "काका, तुम्हाला मोटर नको, घंटा पाहिजे. देवळातली." दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघंही हसली. त्यातला एक आमच्याच कॉलनीतला निघाला, म्हणजे संध्याकाळपर्यंत ही घंटा घरोघरी वाजली.

म्हणून तिसऱ्यांदा जळाली तेव्हा मी ती गावाबाहेर न्यायची ठरवली. काही दुखणी माणूस परगावच्याच डॉक्टरला दाखवतो, तसं. लेक धुळ्याला दिलेली, त्यामुळे त्या रस्त्यावर माझं येणंजाणं असतंच. मोटर कापडी पिशवीत घातली आणि पिशवी मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं, "काय आहे त्यात?"

"लेकीला कैऱ्या," मी म्हटलं.

पिशवीतून जळकट वास येत होता. एरंडोलपर्यंत तीनदा वळून पाहिलं त्याने.

पारोळ्याला स्टँडपासून थोडं आत गेल्यावर दुकान सापडलं. बाहेर शेतातल्या मोटरींचा ढीग, वर धुराने काळी पडलेली पाटी, आणि आत, भर दुपारी, दिवे लागलेले. आधी वाटलं, विजेच्या सामानाचं दुकान असेल. मग डोळे अंधाराला सरावले आणि मी पिशवी खाली ठेवायचीच विसरलो. एका कोपऱ्यात तांब्याच्या तारेचा एक जाडा माणूस बसला होता, पोटात दिवा. पिठाच्या गिरणीची मोटर होती ती, हे नंतर कळलं. वरून एक बैल लोंबत होता, चारही पाय ताठ, मानेखालून उजेड पडत होता. वाळलेल्या भोपळ्याला तारेची शिंगं बसवून काहीतरी केलं होतं, ते काय होतं हे मला आजही ठरवता येत नाही. आणि कुठलंच तांबं एका रंगाचं नव्हतं. कुठे काळं, कुठे जांभळं, कुठे मोराच्या मानेसारखं.

ह्या सगळ्यात गंजीफ्रॉक घालून एक पासष्टीचा माणूस बसला होता. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिच्या जागी तार. सगळं पारोळं त्यांना नाना म्हणतं, मीही तेच म्हणतो. नाना अहिराणीच बोलतात. मला ती कळते सगळी, बोलायला गेलो की समोरचा हसतो.

त्यांनी माझं नाव-गाव विचारलं नाही. मोटर उघडली, आतली कॉइल उजेडात धरली आणि म्हणाले, "कशी जळनी?"

"व्होल्टेज हो," मी म्हटलं. "आमच्याकडे फारच कमी येतं."

नानांनी कॉइल नाकाशी नेली आणि खरबूज हुंगावं तशी हुंगली. मग सगळीकडून फिरवून पाहिली.

"व्होल्टेजनी जळेल अशी नही ऱ्हास. हाई कोरडी चालेल शे. कितला येळ?"

"असेल थोडा वेळ..."

"कितला?"

बाजूला पोत्यावर बसलेला एक शेतकरी मला म्हणाला, "खरं सांगून टाका काका. नानासमोर मोटर खोटं बोलत नाही, आपण कशाला बोलायचं?"

"दीड तास," मी म्हटलं. "डोळा लागला होता."

"हां!" नानांचा चेहरा एकदम उजळला. "कसं झोपेल व्हतात? उतानं, का कुशीवर?"

मला वाटलं, माणूस डोक्याने गेलेला आहे. पण सांगितलं. उताणा, खुर्चीत, तोंडावर पेपर. एक चप्पल पायात, एक पडलेली. नानांनी चपलेचं पुन्हा विचारलं, डाव्या पायातली की उजव्या.

पंधरा दिवसांनी मोटर आणायला गेलो. त्यांनी नव्या तारेने भरलेली मोटर एका हातात दिली आणि दुसऱ्या हातात माझ्याच जळक्या तारेचा एक दिवा. खुर्चीत उताणा पडलेला माणूस, तोंडावर पत्र्याचा पातळ तुकडा, पोट वर आलेलं आणि पोटात मिणमिणता बल्ब. एक चप्पल पडलेली. डावी.

बायकोने तो दिवा मोटरच्या बटणाच्या बरोबर वर भिंतीला लावला. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती तो दाखवते. ओळखा कोण, असं विचारावंही लागत नाही तिला.

त्यानंतर मी नानांकडे जायला लागलो तो कारण नसतानाही. धुळ्याला निघालो की पारोळ्याला उतरायचं, तासभर पोत्यावर बसायचं, पुढची गाडी धरायची. एकदा पोतं रिकामं नव्हतं म्हणून स्टुलावर बसलो. त्याला नानांनी नुकतंच वार्निश लावलं होतं. त्या दिवशी मी लेकीकडे नानांच्या पायजम्यात गेलो.

बसून बसून मला त्यांची रीत कळली. जी मोटर कशी जळाली हे माहीत नाही, तिचा दिवा नाना करत नाहीत. येणाऱ्याला विचारायचं, तो थापा मारायला लागला की कॉइल हुंगायची. कोरडी चाललेली मोटर वेगळी जळते, उंदराने तार कुरतडलेली वेगळी, पाणी शिरलेली वेगळी. ज्या बाजूने जळाली ती बाजू ते तशीच ठेवायचे, उलट काळं हाताला लागून गळू नये म्हणून तेलाचा हात देऊन मंद आचेवर दिवसेंदिवस बसवायचे. गाव म्हणायचं, ह्या माणसाला जळकं सापडलं की तो ते आणखी जाळतो. भंगारवाला तर दारातून जाताना उसासा सोडायचा.

हे सगळं मला कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मी जे केलं ते काही न कळून केलेलं नाही.

बाकाखाली एक मोठी मोटर बरीच वर्षं पडून होती. तिच्यावर गोणपाट टाकलेलं. मी एकदा विचारलं, तर नानांनी ऐकलंच नाही. मग दुकानामागच्या घरातून आलेल्या त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, चहा देता देता सांगितलं. ती अक्काची मोटर.

अक्का म्हणजे नानांची मोठी बहीण, दिलेली पिंपळनेरला. पाच वर्षांपूर्वी तिने विहिरीवरची मोटर भरायला भावाकडे पाठवली. कांद्याला पाणी द्यायचे दिवस. नानांच्या डोक्यात तेव्हा तो लोंबता बैल होता. बैलाच्या पायात त्यांनी इतका जीव घातला, की अक्काच्या मोटरच्या तारेवरचं वार्निश नीट सुकायच्या आत ती बंद करून पाठवून दिली. तीन दिवस चालली आणि विहिरीवर धूर. दुसरी मोटर मिळेपर्यंत कांदा गेला. अक्का जळकी मोटर टेम्पोत घालून स्वतः पारोळ्याला आली, दुकानात चार माणसांदेखत ती खाली टाकली आणि म्हणाली, "धाकला भाऊ म्हनीसन तुले दिन्ही व्हती. तुनं ध्यान कथं व्हतं?"

नानांनी वर बैलाकडे पाहिलं. अक्कानेही वर पाहिलं, आणि तिला उत्तर मिळालं. "चांगले दिवे लावलेस," म्हणाली आणि पाणीही न पिता गेली.

त्यानंतर अक्का आखाजीला माहेरी आली नाही. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात ह्या सणाला सासरची लेक माहेरी येते, झोके खेळते, मातीच्या उपड्या खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खाते. वयाची अट नाही. आईबाप गेल्यावर नानांचं घर हेच अक्काचं माहेर. वहिनी म्हणाल्या, "दरसाल दारच्या कडुलिंबाला झोका बांधतात हे. चार दिवस तसाच लोंबतो. मग सोडतात. मी म्हटलं, जाऊन पाया पडा. तर म्हणतात, काय तोंड घेऊन जाऊ?"

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी गेलो तर बाकाखालचं गोणपाट बाजूला पडलेलं आणि जागा मोकळी. आखाजीला पंधरा दिवस राहिले असताना नानांनी माझ्यासमोर एक हातभर उंचीचा झोका धरला. तारेचे पीळ देऊन केलेले दोन दोर, पत्र्याच्या चकत्यांची फळी, आणि फळीवर एक पोर, मागे रेललेली, वेणी हवेत. तोंड केलेलंच नव्हतं, पण वेणीवरून कळत होतं की ही हसते आहे. दिवा ओच्यात लपवलेला. टांगला की नुसत्या वाऱ्यानेही हलायचा आणि भिंतीवर एक मोठी पोर झोके घ्यायची. डाव्या दोरापासून खांद्यावरून अर्ध्या पाठीपर्यंत तो काळाकुट्ट होता. काळ्याच्या कडेला जांभळं, मग निळं, आणि उजवीकडे येता येता तांबडं.

"पिंपळनेरले कोन जाई?" नाना म्हणाले. विचारल्यासारखं नव्हे, इकडेतिकडे बघत. मीच एकटा बसलो होतो.

"मी जातो की. लेकीकडून पुढे साक्री, साक्रीहून पिंपळनेर. काय सांगू अक्कांना?"

"काही सांगू नका. दिवाच सांगी." मग जुन्या धोतरात गुंडाळताना म्हणाले, "जसा शे तसाच लई जा."

मी त्याचा अर्थ 'फोडू नका' असा घेतला.

आधी घरी आणला, कारण धुळ्याला दोन दिवसांनी जायचं होतं. बायको शेजारी बिबड्या करायला गेलेली. ज्वारीचे ते पापड उन्हात घालायचे दिवस, कॉलनीतल्या सगळ्या बायका एका गच्चीवर. घरात मी एकटा आणि तो झोका. धोतर सोडून मी तो टेबलावर ठेवला आणि माझ्यातला कारकून जागा झाला. पाच वर्षांनी भाऊ बहिणीला काही पाठवतो आहे, आणि ते असं? अर्धं काळं? सणाला माहेरची वस्तू जायची तर कशी लखलखीत हवी. आमच्या आईने आखाजीला काळी कळशी कधी पाण्याला लावली नाही. नाना कलाकार माणूस, पण ह्या घरगुती गोष्टी त्यांना कुठून कळणार? तो विचार करताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

आधी एक फोटो काढला. फरक दाखवायला. मग बादलीत चिंच कालवली, मूठभर मीठ टाकलं, बल्बचा होल्डर स्क्रू काढून वेगळा केला आणि झोका बुडवला. दात घासायच्या जुन्या ब्रशाने तारेतारेतून दोन तास घासलं. काळं निघता निघेना. मला वाटलं, केवढी ही घाण! नानांचं दिवसेंदिवस आचेवर बसवणं मला तेव्हा आठवलं का? आठवलं. म्हणूनच आणखी चिंच घातली.

होल्डर परत बसवला, तेव्हा एक स्क्रू उरला. माझ्या हातच्या दुरुस्तीत एक स्क्रू उरतोच.

बायको आली. झोका सोन्यासारखा चमकत होता. ती दारातच थांबली. "हे तुम्ही घासलंत?"

"मग!"

"घरातली समई तीन दिवाळ्या झाल्या तशीच आहे, त्याचं काय?" मग जवळ येऊन म्हणाली, "नानांना विचारलं होतं?"

"विचारायचं काय त्यात? खूश होतील."

ती काही बोलली नाही. छत्तीस वर्षांत तिने ह्या न बोलण्याची बरीच तयारी केलेली आहे.

धुळ्याहून साक्रीच्या गाडीत मी झोका मांडीवर घेऊन बसलो. धोतरात गुंडाळलेला, पण वरून थोडा उघडा ठेवला. उगाच नव्हे, लोकांनी पाहावा म्हणून. शेजारच्या बाईने विचारलं, "कोनती देवी शे हाई?" मी काही बोलायच्या आत तिने हात जोडले. मागच्या बाकावरच्या म्हातारीने नातवाला पुढे आणून डोकं टेकवायला लावलं. साक्रीपर्यंत मी पुजाऱ्याच्या थाटात गेलो. इतका मान मला कचेरीत निरोप समारंभालाही मिळाला नव्हता.

पिंपळनेरला अक्का अंगणात कांदे निवडत होती. सत्तरीची, काटक, पदर खोचलेला. पारोळ्याहून आलोय म्हटल्यावर तिचे हात थांबले, मग पुन्हा चालायला लागले.

"बठा भाऊ. पानी ल्या."

मी धोतर सोडलं आणि झोका ओसरीच्या खुंटीला टांगला. उन्हात तो असा तळपला की अक्काला डोळ्यावर हात धरावा लागला. ती उठली, भोवती एक चक्कर मारली. वेणीला बोट लावलं.

"नानांनी केलाय," मी म्हटलं. "तुमच्याच मोटरच्या तारेचा."

"मनी?" अक्काने मान हलवली. "हाई मनी मोटर नही शे. मनी मोटर जळेल व्हती. काळीठिक्कर."

"तीच आहे अक्का."

तिने डाव्या दोरावरून बोट फिरवून पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं, तो राग असता तर बरं झालं असतं. ती दमल्यासारखी खाली बसली.

"धुईसन धाडं का त्यानी?" ती म्हणाली. "काही व्हयनंच नही, असं? जळेल ते जळेल, भाऊ. धुईसन काय नवं व्हस?" आणि तिने धोतर माझ्याकडे सरकवलं. "च्या ल्या आनि हाई परत लई जा. त्याले सांगा, देखाले मस्त शे."

मी त्या धोतराकडे बघत बसलो. तेव्हा कुठे मला समजलं की मी काय पुसून आणलंय. नानांना जे पाच वर्षं तोंडाने म्हणता आलं नव्हतं, ते त्यांनी त्या काळ्या बाजूवर म्हणून ठेवलं होतं. ही बघ इथून जळाली, माझ्या हाताने जळाली, मी लपवत नाही. आणि ते सगळं माझ्या मोरीतून चिंचेच्या पाण्याबरोबर पिंप्राळ्याच्या गटारात गेलं होतं. भाऊ चूक मानतो आहे, हे सांगायला मला पाठवलं. मी येऊन सांगितलं, भाऊ चूक मानतच नाही.

गप्प बसलो असतो तर चहा पिऊन परत येता आलं असतं. पण खुंटीला टांगलेली ती पोर हलत होती, आणि मला पोत्यावरचा तो शेतकरी आठवला.

"अक्का, नानांनी नाही धुतला," मी म्हटलं. "मी धुतला."

"तुम्ही? कसाले?"

"काळा होता म्हणून. चिंच-मीठ लावून. दोन तास."

अक्काने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"घरमां भांडा घासतस का तुम्ही?"

"कधीच नाही."

"दखाई ऱ्हायनं," ती म्हणाली. तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू पुरतं यायच्या आत तिने ते परत घेतलं. "काळा व्हता? कथा?"

मला फोटो आठवला. मोबाइल काढला. फोटोत निम्मा माझा अंगठा आला होता, पण उरलेल्या निम्म्यात डावा दोर, खांदा आणि पाठ दिसत होती. अक्काने चष्मा आणला, मोबाइल कांद्याच्या सालांवर ठेवला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

"हाईच बाजू," ती शेवटी फोटोतल्या काळ्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाली. मला नव्हे. "आठेतूनच धूर निंघना व्हता. ऱ्हावू दिन्ही त्यानी."

तिने मला जेवायला घातलं. आखाजीचं विचारायची माझी छाती झाली नाही, आणि तिने काही सांगितलं नाही. निघताना मी धोतराची घडी उचलली, तर ती म्हणाली, "दिवा ऱ्हावू द्या आठेच." एवढंच.

परतीच्या गाडीत मी पारोळ्याला उतरायचं नाही असं ठरवलं आणि उतरलो. नाना दारातच उभे होते. मी धाड्कन सगळं सांगून टाकलं. नाना आत गेले आणि त्यांनी पंखा बंद केला. एप्रिलमध्ये पारोळ्याला पंखा बंद करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"चिंच?" ते म्हणाले.

"चिंच."

"मीठ बी?"

"मीठ बी."

"बठ्ठं निंघनं?"

"बठ्ठं, सगळंच," मी म्हटलं. माझी अहिराणी ऐकून ते हसले नाहीत.

वहिनी दाराआड उभ्या होत्या. नानांनी तारेची काडी कानामागे नीट बसवली. "ती काय बोलनी?"

मी शब्दन् शब्द सांगितला. परत लई जा म्हणाली ते सांगितलं, फोटोचं सांगितलं. हाईच बाजू म्हणाली, ते सांगितलं तेव्हा नानांनी मला थांबवलं.

"असं म्हननी?"

"हो."

"बाजू वळखी तिनी?"

"हो नाना. अंगठ्याआडूनही ओळखली."

नानांनी पंखा लावला. मग बायकोला म्हणाले, "दोर कथा शे?" आखाजीला अजून दहा दिवस होते, पण त्यांनी त्याच संध्याकाळी लिंबावर चढून झोका बांधला. खाली दोर ताणून धरायचं काम त्यांनी मला सांगितलं नाही. मी आपणहून पुढे झालो तर वहिनी म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्या."

आखाजीला आम्हा दोघांना त्यांच्याकडे जेवायचं बोलावणं आलं. आम्ही पोचलो तेव्हा खापर तापलेलं होतं आणि नाना फाटकापाशी उभे होते. बायकोने विचारलं, "कुणाची वाट बघताय?" ते म्हणाले, "कोनीच नही." अकराची पिंपळनेरकडची गाडी आली आणि गेली. नाना आत आले, पुन्हा बाहेर गेले. पुरणपोळ्या होत आल्या. वहिनींनी पाटांसमोर पाच पानं मांडली, मग नानांचा चेहरा बघून एक उचललं, मग पुन्हा मांडलं.

बाराच्या सुमाराला जीप थांबली. अक्का उतरली, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. ती फाटकातच थांबली आणि भावाला म्हणाली, "मी आखाजीले नही उनू. हाई जाळाले उनू."

आणि फडकं सोडून तिने तो चकचकीत झोका त्याच्या हातात दिला.

"आते? लगेच?" नाना म्हणाले.

"आतेच. मना समोर."

मग भर उन्हात, अंगणात, स्वयंपाक तसाच ठेवून, नानांनी गॅसचा जाळ लावला. अक्का समोर पाटावर बसली. मला चार हात लांब बसवलं होतं, हात मांडीवर. ही अट अक्काचीच. नाना जाळ धरायचे, तांबं आधी लाल व्हायचं, मग करडं, मग काळं.

"आठे," अक्का बोट दाखवायची. "नही, आखो थोडं वर. खांद्याले कितला जळेल व्हता!"

"इतला?"

"आखो."

"अक्का, इतला नही व्हता."

"तू व्हता का तठे? मी व्हतू!"

नाना पुन्हा जाळाकडे वळले. त्यांनी आणखी जाळलं. पासष्ट वर्षांचा माणूस मोठ्या बहिणीसमोर उकिडवा बसून एका तारेचा खांदा काळा करत होता, आणि घाम पुसायच्या निमित्ताने दुसरंच काही पुसत होता. शेवटी अक्काने हात वर केला.

"बस. इतलाच व्हता." मग थोड्या वेळाने, "कांदा बी गया व्हता."

"याद शे," नाना म्हणाले. "मना मुळे गया."

अक्का उठली, पदर झटकला आणि वहिनींना म्हणाली, "पोळी कथा शे वो? भूक लागनी."

जेवणं झाली. आमरसाच्या तीन वाट्या मी घेतल्या, चौथी बायकोने माझ्यापासून लांब ठेवली. मग वहिनी म्हणाल्या की टाकी भरायची आहे, कुणीतरी बटणाजवळ बसा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नानांनी मान हलवली आणि कोण जाणे का, म्हणाले, "बसू द्या त्यासले. आज जागा ऱ्हातीन."

मी बटण दाबलं आणि पायरीवर बसलो. शपथेवर सांगतो, झोपलो नाही. एक डोळाही मिटला नाही. समोर लिंबाखाली नाना अक्काला म्हणत होते, बैस ना झोक्यावर, आणि अक्का म्हणत होती, मी काय पोर शे का आते झोका खेळाले? दोर पोचतो का बघते फक्त, म्हणून तिने दोर ओढून पाहिला. फळी पुसली. मग फक्त टेकली. मग नाना मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी एक हात दोराला लावला. आधी फळी वीतभर हलली. मग हातभर. अक्काच्या पायातल्या चपला जमिनीवर राहिल्या आणि पाय वर गेले. तिची पांढरी वेणी मागे उडाली, आणि तिला तोंड होतं, त्यामुळे ती हसते आहे हे वेणीवरून ओळखायची गरज नव्हती.

मी ते बघत होतो. गच्चीवरून पाणी कधी यायला लागलं मला कळलं नाही. ते पन्हाळीतून अंगणात आलं, जळक्या तांब्याची राख घेऊन लिंबाच्या मुळाकडे निघालं, आणि झोका खाली आला तेव्हा अक्काच्या तळव्यांना लागलं.

"ओ माय!" ती वरून ओरडली. झोका थांबवला नाही तिने. "ओ भाऊ, मोटर बंद करा! नही ते आखो एक दिवा व्हई!"